आमची वाटचाल : पितळी तारा, नळ्या आणि एक नक्कल

वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती हौसेने विकत घेणारे पुष्कळ असतात. तिच्या बॉयलरवर साच्यातूनच आलेली जाड दांडी खरवडून काढून तेथे ०.४ मिलिमीटरची पितळी तार बसवणारे मात्र थोडे. पुण्यातील आमची छोटी कार्यशाळा या थोड्यांच्याच भरवशावर उभी राहिली. आमचे पहिले भागीदार पिढीजात सोनार होते. दागिन्यांप्रमाणेच रबरी साच्यात मेण भरावे, मेणाच्या नगांचे झाड बांधून त्यावर प्लास्टर ओतावे आणि मेण जाळून त्या पोकळीत पितळ सोडावे, ही त्यांची रीत. त्याच रीतीने त्यांनी शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर आणि वाफेवर वीज करणारा टर्बो जनरेटर असे भाग १:८७ प्रमाणात घडवले. परदेशी भाग बाजारात मिळत असत, पण १९४७ साली अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आलेल्या डब्ल्यूपी या प्रवासी इंजिनाच्या फुगीर नाकावरील तारा त्यात कोठून असणार?

आमचा माल ठोक भावाने नेणाऱ्या एका व्यापाऱ्याने पुढे आमच्याच नगांवरून साचे काढले आणि तेच भाग निम्म्या किमतीला विकावयास आरंभ केला. वर ‘भारतीय संच’ या नावाखाली त्याने डब्ल्यूपीसाठी हवेच्या ब्रेकचा पंपही दिला. सेवेतील डब्ल्यूपी निर्वाताच्या ब्रेकवर गाड्या ओढत असे, तिला वाफेच्या झोताने हवा ओढून निर्वात करणारा इजेक्टर हवा, हे त्याला सांगणार कोण? आमच्या मागण्या आटल्या, भट्टी आठवडाआठवडा थंड राहू लागली, भागीदार पुन्हा दागिन्यांकडे वळले आणि जागेचे भाडे थकले. जुने परिचितही स्वस्त माल घेऊन आमच्याकडे तो बसवण्याची युक्ती विचारावयास येत. त्याचे शल्य अजून गेलेले नाही.

त्या दिवसांत भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले एक काका आमच्या पाठीशी उभे राहिले. एखादी नळी चुकीच्या जागी वळलेली दिसली की ते नग परत पाठवत आणि सोबत पेन्सिलीने काढलेली आकृती असे. त्यांनी दोन्हीकडचे भाग व्हर्नियरने मोजून सविस्तर पत्र लिहिले. पितळ थंड होताना शेकडा दीड ते दोनने आकसते, म्हणून आम्ही मूळ नमुना तेवढा मोठा घडवतो. पण तयार नगावरून काढलेली नक्कल आणखी एकदा आकसते. पंचवीस मिलिमीटरच्या भागात सुमारे अर्धा मिलिमीटर हरवतो, म्हणजे खऱ्या इंजिनावर चार सेंटिमीटरहून थोडे अधिक अंतर, आणि घुमटाचा तळ बॉयलरच्या गोलाईवर टेकत नाही. काकांनी ते पत्र ओळखीच्या हौशी मंडळींना दाखवले आणि हळूहळू मागण्या परतल्या. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

नव्याने या कामाला लागणाऱ्यांनी विजेचे ड्रिल दूर ठेवावे. सुईने खूण करून ०.५ मिलिमीटरचे भोक पिन व्हाइसने, म्हणजे बारीक ड्रिल धरणाऱ्या मुठीने, हातानेच पाडावे. टोक अडकू लागले तर जोर न लावता उलट फिरवून भुसा काढावा. नळी लावताना ती कोठून निघते आणि कोठे पोहोचते हे आधी ठरवावे, कारण इंजेक्टरची नळी क्लॅक व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी शिरते त्या झडपेपर्यंत, न जाता मध्येच संपली, तर ते इंजिन पाणीच घेणार नाही. पितळावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, दिल्याशिवाय रंग चढवू नये. क्षाराचे पांढरे ओघळही जेथे वाफ गळते तेथेच रंगवावेत. सगळ्या बॉयलरवर पांढरे फासणाऱ्यांनी एकदा एखाद्या रेल्वे संग्रहालयात जपलेली डब्ल्यूपी जवळून पाहावी. अर्थात तेथे तिला चकचकीत रंग असतो, त्यामुळे ओघळ नव्हे, तर नळ्यांचा मार्ग पाहावयाचा.

तो व्यापारी आमचे जुने भाग अजूनही विकतो. नवा निर्वात इजेक्टर मात्र त्याच्या यादीत नाही, कारण ठोक भावाने आम्ही आता कोणालाच माल देत नाही.