दोन फूट

कालपासून डोक्यातून जात नाहीये. झालं काय म्हणाल तर काहीच नाही. चिकूचा व्हिडिओ कॉल आला, आबा आम्ही माथेरानच्या गाडीत बसलो, ठाण्याच्या आजोबांनी नेलं. खिडकी, माकड, मक्याचं कणीस, एका दमात सगळं. मी आपला वा वा, छान छान.

ती गाडी मी त्याच्यासाठी राखून ठेवली होती हो. 2019 च्या पावसात रूळ वाहून गेले, नेरळहून गाडी बंद पडली ती 2022 च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली, तेव्हा हा दोन वर्षांचा, म्हटलं लक्षात राहील एवढा होऊ दे. झाला. पण ठाण्याहून नेरळ काय, लोकलमध्ये बसलं की झालं, आम्ही पडलो मिरजेत.

"आबा, तुम्हाला माहितीये, तिथे एकच बोगदा आहे!" मी म्हटलं, हो का? सांग ना. 1907 ची गाडी, तिला पैसा पुरवणारे आदमजी पीरभॉय, वाटेतली जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं, सगळं तोंडपाठ असलेला माणूस "हो का" म्हणाला. इथपर्यंत मी बरा वागलो, एवढं तरी लिहून ठेवतो.

मग म्हणाला, ती मीटर गेज आहे, आजोबांनी सांगितलं.

गप्प बसायचं ना. नाही. "मीटर नाही, नॅरो गेज. दोन रुळांत दोन फूट." आवाज चढला असणार, कारण ही लाटणं घेऊनच बाहेर आली. चिकूचा खालचा ओठ पुढे आला. "पण आजोबा म्हणाले." आणि मी, वय वर्षे 68, "मग त्यांना सांग, आबा म्हणाले दोन फूट!" सूनबाईंनी फोन घेतला, नंतर बोलू बाबा.

ही एवढंच म्हणाली, पोराला गाडी आवडली की रुळांतलं अंतर?

रात्रभर तेच. मी बरोबरच होतो, हाच तर त्रास. आमची जुनी पंढरपूरची गाडी अडीच फुटी, आप्पा मला दारापाशी धरून उभं करायचे आणि... जाऊ दे. तेव्हा मला कुठं कोणी गेज सांगितलं होतं? आणि नेण्याचा मान गेला तो गेलाच, मापाने थोडाच परत येतोय. प्रवासाला घेऊन गेले ते, चुका काढायला बसलो मी.

आज सकाळी व्याह्यांचाच फोन. म्हटलं आता ऐकावं लागणार. तर हसत म्हणाले, "अहो, काय सांगून ठेवलंत? रात्रीपासून पट्टी घेऊन जमिनीवर बसलाय, दोन फूट म्हणजे केवढं दाखवा म्हणतो, शाळेची पट्टी पुरत नाही."

म्हटलं, द्या त्याला. तीस सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या जोडून ठेव, पुढे एक सेंटीमीटर. मागून आवाज आला, "एवढीशीच?"

व्याही म्हणाले, मलाही मीटरच वाटलं होतं. मी म्हटलं, होतं असं. म्हणताना फार बरं वाटलं, ते काही लपवत नाही.