बेल वाजवायची की प्रार्थना करत बसायचं

आडनावावरून आम्ही ओळखू येत नाही. मराठी ख्रिस्ती लोकांत साळवे, गायकवाड, पवार, शिंदे सगळे सापडतील, त्यामुळे ऑफिसात वर्षभर कोणाला पत्ता नसतो आणि डिसेंबरात मी केक नेला की मग "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? पण तुम्ही तर मराठी वाटता" सुरू होतं. वाटता काय, आहेच. नगरकडचे आम्ही, घरी बाजरीची भाकरी आणि भजनाला पेटी-तबला. मग पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे तुम्ही नक्की काय वेगळं करता? रविवारी उपासनेला जातो, जेवणाआधी प्रार्थना करतो, नाताळ, गुड फ्रायडे. एवढं सांगून झालं की माझं मलाच वाटतं, बस्स? कारण हे सगळं न चुकता करूनही येशूच्या मागे एक पाऊल न टाकलेले लोक मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भरपूर बघितलेत (कमिटीवर जरा जास्तच).

आता आमच्याकडे शिष्यत्वाचा, म्हणजे येशूच्या मागे कसं चालायचं याचा, वर्ग सुरू होतोय. पुस्तिका आलीय, बायबल वाचन, प्रार्थना, संगती, साक्ष, दशांश, आणि प्रत्येक धड्याखाली गाळलेल्या जागा भरा. वाईट काहीच नाही त्यात. पण लूकच्या १४ व्या अध्यायात बघा, येशूच्या मागे एवढा मोठा जमाव चाललाय आणि हा वळून त्यांना म्हणतो काय, तर बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील. गर्दी जमली की कोणीही या या करेल, हा आधी एस्टिमेट दाखवतो. मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून असेल, पण हा भाग मला फार आवडतो, आणि पुस्तिकेत नेमका खर्चाचा धडाच नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नुसत्या नावाच्या ख्रिस्तीपणाचं हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं असं मला वाटतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस, मिशनमध्ये एवढी वर्षं काम केलं, आणि १९१७ ला ते सोडून 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य धरले. रजिस्टरमध्ये नाव आहे का यापेक्षा तू मागे चालतोयस का हे बघायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा, आणि सोवळं-ओवळं सुटताना काय काय झालं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही लपवलं नाही. आणि आपण? गलतीकरांस पत्र ३:२८ पाठ, ख्रिस्तात सगळे एक, आणि मुलीचं स्थळ आलं की हळूच फोन, "पण ते मूळचे कोण हो?" चर्चमध्ये शेजारी बसून प्रभुभोजन घेतलेलं चालतं, सोयरीक चालत नाही. यावर वर्गात बोलणार आहे मी, कोणाला राग आला तर येऊ दे.

बरं, खर्चावरून आठवलं. आपल्या ठाण्यातच १३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन (एका कॅथलिक पंथाचे) साधू मारले गेले, हे रोज ठाण्याहून लोकल पकडणाऱ्या किती ख्रिस्ती लोकांना माहीत आहे देव जाणे. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस. कोल्लमला निघाले होते, जहाज इकडे लागलं. त्यानंतर लवकरच ओदोरिक नावाचा प्रवासी इथे आला, त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला आणि त्याने सगळी हकीकत सांगून लिहून घेतली. हुतात्मा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काहीतरी भव्य येतं, राजदरबार, मोठी भाषणं. पण ओदोरिक सांगतो त्याप्रमाणे सुरुवात कशावरून झाली, तर हे ज्या ख्रिस्ती घरात उतरले होते तिथे रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काजीकडे तक्रार घेऊन गेली, काजी म्हणाला पुरावा काय, ती म्हणाली घरात चार साधू आहेत, त्यांना विचारा. त्यावरून त्यांना बोलावणं गेलं. एकजण सामान सांभाळायला घरी थांबला, तिघे गेले, मग गोष्ट भलतीकडेच वळली, धर्मावर वाद झाला आणि शेवट तो झाला, घरी थांबलेलाही सुटला नाही. धर्माच्या वादाचं सगळे सांगतात. मला मात्र ती बाई जास्त लक्षात राहते, जिला सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात वाटलं की मार खाल्ल्याचं सांगायला आपल्या घरी साक्षीदार आहेत.

कारण आमच्या मजल्यावर हेच चालू आहे. घणसोलीतल्या बिल्डिंगींच्या भिंती कशा असतात माहितीये ना, शेजारचा मिक्सर आपल्याच ओट्यावर लागल्यासारखा वाटतो. रात्री अकराच्या पुढे शेजारच्या नवऱ्याचा आवाज चढतो, मग काहीतरी आपटतं, मग बायकोचा आवाज, आणि त्याच वेळी बाकीच्या घरातले टीव्ही मोठे होतात. आम्ही जाऊन बेल वाजवली. २००८ च्या सुमारास 'बेल बजाओ' म्हणून जाहिराती यायच्या त्या आठवतात का, शेजारी मारहाण ऐकू आली की काहीतरी निमित्त काढून बेल वाजवायची, तसंच, दूध आहे का थोडं विचारलं. रात्री अकराला दूध. दार उघडलं त्याने, आमच्याकडे बघितलं, पण आवाज थांबला, त्या रात्रीपुरता. मग पुन्हा झालं, पुन्हा बेल.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली तेव्हा मी तिला महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर दिला, सांगितलं की घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात, चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणाऱ्यावर काही येत नाही. ती म्हणाली, ताई आत्ता नको. तिचं आयुष्य आहे, तिला कधी झेपेल ते तिला कळतं, म्हणून तेव्हा थांबले, पण जिवावर बेतेल असं वाटलं तर पोलिसांना बोलवायला ११२ लावणार हेही तिला सांगून ठेवलंय.

खरी मजा पुढे. कॉटेज मीटिंगमध्ये (कोणाच्या तरी घरी होणारी प्रार्थनासभा) हा विषय मी प्रार्थनेसाठी ठेवला तर एक मावशी म्हणाल्या, बाळा, त्यांच्या घरचं आहे, तू प्रार्थना कर, मध्ये कशाला पडतेस. माझा प्रार्थनेवर विश्वास आहे, रोज करते, पण जिथे उठून चार पावलं जायचंय तिथे डोळे मिटून बसायला ती वापरायची नसते. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक माणूस लुटला जाऊन जखमी पडलेला असतो आणि याजक आणि लेवी, म्हणजे देवळातलेच लोक, रस्त्याच्या पलीकडून निघून जातात ना, त्यांनी जाता जाता त्या माणसासाठी प्रार्थना केलीही असेल, आपल्याला काय माहीत.

आणि शेजारच्या त्या मारणाऱ्या नवऱ्याचं काय? शत्रूंवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, मत्तय ५:४४. शत्रू म्हणून कोणीतरी लांबचा डोळ्यासमोर असला की हे वचन सोपं जातं, इथे तो लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभा असतो. माझा नवरा हल्ली संध्याकाळी खाली गेटजवळ त्याच्याशी गप्पा मारत उभा राहतो, क्रिकेट, नोकरी, काहीही. म्हणतो, त्याच्याशी माणसासारखं बोलणारं कोणीतरी हवं, आणि मग त्याला तोंडावर सांगणारंही. एकदा सांगितलंय त्याने, स्पष्ट. फरक पडतोय का माहीत नाही. मला अजून रागच येतो त्याचा, मी फक्त "कसे आहात" एवढं म्हणते आणि इंडिकेटरकडे बघत राहते. सध्या माझी प्रीती तेवढीच आहे.

याचा खर्च? आम्ही भाडेकरू. कोणीतरी आमच्या फ्लॅटमालकांच्या कानावर घातलं, त्यांचा फोन आला, "मॅडम, माणसं चांगली आहात तुम्ही, पण सोसायटीत कटकट नको." अकरा महिन्यांचं अग्रीमेंट, रिन्यू होईल असं वाटत नाही. मुलाची शाळा याच भागात आहे, म्हणजे पुन्हा सगळं शोधणं आलं.

मग नवरा म्हणाला, विकतच घेऊ या, लोनमध्ये बसतंय. बघायला गेलो की तेच, एवढे चेकने आणि एवढे कॅश. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही हे मला ऑफिसातून चांगलं माहिती आहे, एजंटलाही आहे, तो हसून म्हणतो, मॅडम सगळेच करतात. सगळेच म्हणजे त्यात आमच्या मंडळीतलेही आलेच, आणि मग त्याच घराच्या गृहप्रवेशाला पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना. आम्ही नाही म्हणतो. सासूबाई नगरहून फोनवर म्हणतात, तुमच्या तत्त्वात पोरगं भाड्याच्या घरात मोठं होणार. त्यांचंही काही चुकत नाही, किमती काय थांबून राहणार आहेत का.

तर अग्रीमेंट सप्टेंबरात संपतंय. घणसोली, ऐरोली, रबाळे साइडला कोणाला वन बीएचके पूर्ण चेकने विकायचा असेल, किंवा भाड्याने द्यायचा असेल आणि रात्री बेल वाजवणारे भाडेकरू चालणार असतील, तर खरंच कळवा.