बोलोन्यात एक सत्र: तोंडी परीक्षा, कमानी आणि कागदपत्रं

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यार्थी-देवाणघेवाणीत, जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, ती म्हणजे तिथल्या बऱ्याचशा परीक्षा तोंडी असतात. आपण पुण्यात तीन तास खाली मान घालून लिहितो, पुरवण्या जोडतो आणि पेपर कोण तपासणार हे आपल्याला कधी कळतही नाही. तिथे ज्यांनी शिकवलं तेच प्राध्यापक समोर बसून विचारतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पहिल्या सत्रासाठी गेले होते, सप्टेंबर ते फेब्रुवारी. या परीक्षापद्धतीसाठी मी पुन्हा जाईन.

माझी मध्ययुगीन इतिहासाची परीक्षा व्हिया झांबोनी या रस्त्यावरच्या एका उंच छताच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे प्राध्यापक आणि त्यांच्या सहायक, मागच्या बाकांवर आपली पाळी येण्याची वाट पाहणारी मुलं. तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कोणीही येऊन ऐकू शकतं. पहिला प्रश्न आला, "तुमच्या आवडीचा एखादा विषय सांगा." हा प्रश्न तिथे नेहमीचा, तेव्हा असा एक विषय तयार ठेवूनच जा. मी कमानींच्या वाटा घेतल्या, म्हणजे तिथले पोर्तिको, घरांच्या पुढ्यातल्या छताखालच्या पायवाटा. १२८८ च्या नगरनियमांनी त्या बांधणं सक्तीचं केलं आणि उंची निदान सात बोलोनी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर ठरवून दिली. घोडेस्वाराला खालून जाता आलं पाहिजे, हा हिशोब. मी एवढं सांगितल्यावर सरांनी विचारलं, "जमीन कोणाची? डागडुजी कोणी करायची?" जमीन घरमालकाची, देखभालही त्याचीच, वापर मात्र साऱ्या गावाचा. तिथून गप्पा नगरराज्यांच्या करांपर्यंत गेल्या. लेखी पेपरात मी एवढी खोलवर कधीच गेले नव्हते.

गुण ३० पैकी असतात, १८ ला पास आणि सर्वांत वर ३० 'ए लोदे', म्हणजे प्रशंसेसह ३०. मिळालेले गुण पटले नाहीत तर बहुतेक ठिकाणी ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. तयारीची माझी पद्धत सांगते. आधीच्या एखाद्या तारखेला मागच्या बाकावर बसून इतरांची परीक्षा ऐका. मग सोबतीच्या विद्यार्थ्याबरोबर मोठ्याने बोलून अभ्यास करा. मनात वाचलेलं तोंडातून नीट येईलच असं नाही. परीक्षेची नोंदणी आल्माएझामी या संकेतस्थळावर आपणच करायची असते. मुदत टळली की पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असतात, म्हणून डिसेंबर अखेरचं परतीचं तिकीट काढू नका.

सगळ्यांसमोर बोलून विद्या सिद्ध करणं हे या शहराला नवं नाही. विद्यापीठाचं परंपरेने मानलेलं स्थापनावर्ष १०८८. सुरुवातीच्या शतकांत विद्यार्थ्यांचे संघच प्राध्यापक नेमत, त्यांना पगार देत आणि उशीर झाला तर दंड करत. १७३२ मध्ये लाउरा बास्सी या तरुणीने पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकातल्या नगरवाड्यात, लोकांच्या साक्षीने विद्वानांशी वाद करून पदवी मिळवली आणि ती विद्यापीठात शिकवू लागली. त्या चौकातून वर्गाला जाताना मला दर वेळी तिची आठवण यायची.

आता कागदपत्रं. ९० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर 'डी' प्रकारचा व्हिसा लागतो. मुंबईत अर्ज करताना राहण्याची सोय, विमा आणि बँकेतली शिल्लक दाखवावी लागते. तिथे पोचल्यापासून कामाच्या ८ दिवसांत निवास परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोचा अर्ज करायचा. अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं, १६ युरोचा मुद्रांक तंबाखूच्या दुकानात. सगळं धरून सुमारे ११६ युरो लागतात. पोस्टातून मिळालेली पावती जिवापाड जपा. पुढे क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं आणि कार्ड यायला महिने जातात. व्हिसाची मुदत संपल्यावर नुसत्या पावतीवर फ्रान्स-जर्मनीला फिरायला जाता येत नाही, म्हणून भटकंती व्हिसा चालू आहे तोवरच उरका. कोदिचे फिस्काले हा कर-क्रमांकही लगेच काढा, भाडेकरारापासून मोबाईलच्या सिमपर्यंत तो सगळीकडे विचारतात. सरकारी आरोग्यसेवेत ऐच्छिक नोंदणीला विद्यार्थ्यांसाठी २०२४ पासून वर्षाला ७०० युरो लागतात आणि ती कॅलेंडर वर्षापुरतीच चालते. त्यामुळे एका सत्रासाठी खाजगी विमा परवडतो.

खोली मिळवणं सगळ्यात अवघड. शहर लहान आणि विद्यार्थी प्रचंड. जाहिरातीत 'सिंगोला' म्हणजे स्वतंत्र खोली आणि 'पोस्तो लेत्तो' म्हणजे दुसऱ्यासोबतच्या खोलीतला पलंग. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. सुरुवातीचे काही आठवडे हॉस्टेलमध्ये काढायची तयारी ठेवा आणि नोंदणी केलेल्या कराराचाच आग्रह धरा. भाड्यात हीटिंग धरलंय का, हे आधी विचारा. नोव्हेंबरपासून धुकं आणि ओलसर थंडी हाडात शिरते, आणि बिल मोठं येतं. जुन्या शहराच्या वेशीबाहेर, स्टेशनमागच्या बोलोन्यीना भागात जरा स्वस्त पडतं.

शाकाहारी मंडळींनी इथे डोळे उघडे ठेवून खावं. हे गाव मोर्तादेल्लाचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचं, आणि गाय-डुकराच्या मांसाच्या रागू या रश्शाचं. तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस असतं. तिजेल्ले आणि पियादीना या रोट्या दिसायला साध्या, पण पिठात बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात. या चरबीला स्त्रुत्तो म्हणतात, तेव्हा 'स्त्रुत्तो आहे का?' एवढा एक प्रश्न पाठ करा. पार्मिजानो चीजमध्येही दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेल्या तोर्तेल्लोनीत मात्र मांस नसतं, पार्मिजानो चालत नसेल तर तेवढं विचारून मागवा; लोणी आणि सेजच्या पानांसोबत ते अप्रतिम लागतात. भाजी मेर्कातो देल्ले एर्बे या मंडईत घ्या, आणि तूरडाळ, हिंग, मोहरी बांगलादेशी दुकानांत.

भटकायला पाऊस आड येत नाही. शहरात मिळून ६२ किलोमीटरच्या कमानी आहेत आणि २०२१ पासून त्यांतले निवडक भाग जागतिक वारसा यादीत आहेत. सान लूकाच्या टेकडीवर जाणारी ६६६ कमानींची वाट सकाळी लवकर चढा. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये ऊन असलेल्या दिवशी दुपारी स्थानिक मध्यान्हाच्या थोडं आधी पोचा. खगोलशास्त्रज्ञ कास्सीनीने १६५५ मध्ये जमिनीवर आखलेल्या, सुमारे ६७ मीटर लांबीच्या मध्यान्ह-रेषेवर छतातल्या छिद्रातून आलेला सूर्याचा ठिपका सरकत येतो, माणसं गप्प होऊन पाहत राहतात. आसिनेल्ली मनोऱ्यावर पदवीआधी चढलं तर पदवी मिळत नाही असा विद्यार्थ्यांचा समज आहे, आणि तो पाळणारी मुलं मी पाहिली. रेल्वे स्टेशनवर १०:२५ ला थांबलेलं घड्याळ दिसेल. २ ऑगस्ट १९८० च्या बॉम्बस्फोटात तिथे ८५ माणसं गेली. गाडी पकडायच्या घाईतही तिथे क्षणभर थांबा.

इंग्रजीतले विषय मिळतात, पण घरमालक, पोस्ट आणि डॉक्टर इटालियनच बोलतात. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग असतात, जागा भरण्याआधी नाव घाला. विषय बदलायचे असतील तर लर्निंग ॲग्रीमेंटमधला, म्हणजे घ्यायच्या विषयांच्या करारातला, बदल सुरुवातीच्या आठवड्यांतच दोन्ही विद्यापीठांकडून सही करून घ्या, कारण नंतर भारतात श्रेयांक मिळताना तोच कागद विचारतात. निघण्याआधी गुणपत्रक कधी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवणार, हे एक्स्चेंज कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या. आणि दुसऱ्या सत्राला जाणार असाल तर परीक्षा जून-जुलैत येतात, तेव्हा उकाडा ३५ अंशांच्या पुढे जातो. वाचनासाठी पियात्सा माज्जोरेशेजारचं साला बोर्सा ग्रंथालय गाठा. तिथल्या मधल्या दालनात जमिनीत काच बसवली आहे आणि तिच्याखाली रोमन काळातल्या शहराचे अवशेष दिसतात.