हर्मिस: बुडूनही उरलेलं नाव

ब्रिटिश नौदलात जहाज बुडतं, मोडीत निघतं, पण त्याचं नाव सहसा मोडीत काढत नाहीत. काही वर्षांनी तेच नाव नव्या नौकेला मिळतं आणि आधीच्या नौकांचे युद्धसन्मानही (गाजवलेल्या लढायांची नावं मिरवण्याचा मान) वारशाने तिच्याकडे येतात. असं एक नाव आमच्या घरापर्यंत येऊन पोचलं, म्हणून मी त्याच्या मागे लागले. ते नाव म्हणजे हर्मिस.

भारतीय नौदलाची जी विमानवाहू नौका आपण ‘विराट’ म्हणून ओळखतो, ती आधीची ब्रिटिश एचएमएस हर्मिस. मालवणचा माझा थोरला मामा नव्वदच्या दशकात तिच्या बॉयलर रूममध्ये होता. चार बॉयलर, ७६ हजार अश्वशक्तीची टर्बाइनं, हे तो अजूनही घडाघडा सांगतो. नौदल सप्ताहात एकदा त्याने आम्हा भाचरांना जहाज दाखवायला नेलं होतं. डेकच्या पुढच्या टोकाला विमानांच्या उड्डाणासाठी १२ अंशांचा चढ होता. फोटोत तो किरकोळ दिसतो, चढताना पोटऱ्या भरून येतात. पायाखालचा रंग इतका खरखरीत की चपलेचे तळ घासून निघावेत. वर पोचलं की पुढे डेकच नाही, खाली एकदम पाणी.

तिच्या आधीच्या हर्मिस शोधायला घेतल्या तेव्हा मात्र मी चरकले. पहिली म्हणजे १७९६ मध्ये डचांकडून पकडलेली छोटी ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका. ती वर्षभरातच समुद्रात गडप झाली. १८१४ साली अमेरिकेत मोबिल इथल्या फोर्ट बॉयरवर हल्ला करताना आणखी एक हर्मिस तोफांच्या माऱ्यात रुतली आणि तिच्याच खलाशांना तिला आग लावावी लागली. पुढची, वाफेवर चाकं फिरवून चालणारी, १८५२ च्या बर्मा युद्धात लढली आणि तिला निदान सुखाने म्हातारपण आलं. १८९८ ची क्रूझर पुढे समुद्री विमानं वाहू लागली आणि ३१ ऑक्टोबर १९१४ ला जर्मन पाणबुडी यू-२७ ने तिला डोव्हरच्या सामुद्रधुनीत बुडवलं.

त्यानंतरची हर्मिस मला सगळ्यात जवळची वाटते. विमानवाहू म्हणूनच आराखडा काढून बांधायला घेतलेली ही जगातली पहिली नौका. बांधकाम रेंगाळलं, १९२४ उजाडलं, तोवर जपानची ‘होशो’ ही विमानवाहू नौका सेवेत दाखलही झाली होती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेवर, चालून आलं. हल्ल्याची कुणकुण लागताच हर्मिसला त्रिंकोमालीतून बाहेर काढलं, पण तिची विमानं किनाऱ्यावरच राहिली होती. विमानवाहू नौका, आणि डेकवर एकही विमान नाही! ९ एप्रिलला बट्टिकलोआजवळ जपानी बाँबफेकी विमानांनी तिला गाठलं. वीसएक मिनिटांत ती तळाशी गेली. कॅप्टन ऑन्स्लो यांच्यासह ३०७ जण गेले. जवळच असलेल्या ‘व्हिटा’ या इस्पितळ-जहाजाने सुमारे ५९० जणांना पाण्यातून काढलं.

हर्मिसच्या युद्धसन्मानांत बर्मा १८५२ आहे, अटलांटिक १९४० आहे, फॉकलंड १९८२ आहे. बट्टिकलोआ नाही. पराभवाला सन्मान मिळत नाही, हे समजतं. पण मग त्या ३०७ माणसांची नोंद कुठे राहिली? माझ्या मते ती त्या नावातच राहिली. इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीत १९४४ पासून ‘एलिफंट’ नावाची विमानवाहू नौका बांधली जात होती. हर्मिस नावाने मंजूर झालेली दुसरी एक नौका युद्ध संपल्यावर रद्द झाली, आणि तेव्हा ‘एलिफंट’चंच नाव बदलून हर्मिस केलं. चार वेळा गमावलेलं नाव! अपशकुनी म्हणून टाकून देणं किती सोपं होतं. ब्रिटिश आरमाराबद्दल माझी मतं फारशी चांगली नाहीत, पण या एका निर्णयापुढे मी मान लववते.

हीच हर्मिस १९५९ मध्ये सेवेत आली, १९८२ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंडच्या मोहिमेत आघाडीची नौका होती आणि १२ मे १९८७ ला आपली ‘विराट’ झाली. मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती, ८५२ कोटींचा प्रकल्प. मामा तेव्हा किती खूश होता! ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ओढत गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर नेलं आणि तोडलं.

आपली जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ही अशीच भंगारात गेली, पण २०२२ मध्ये कोचीत नवी ‘विक्रांत’ दाखल झाली ती तेच नाव आणि तोच आर ११ क्रमांक घेऊन. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा विषय निघाला की ‘विशाल’ हे नाव कानावर येतं. नाव चांगलंच आहे. तरी माझा आग्रह ‘विराट’चा आहे, तिच्या आर २२ क्रमांकासकट, आणि तो निर्णय मामाच्या पिढीतले खलाशी हयात असताना व्हावा.