विहीर आटली, हे लिहून देणार कोण?

बोरिंगची परवानगी मिळाली एकदाची. अर्ज, घराचे कागद, फी यांत काहीच अडलं नाही. अडलं ते एका शेऱ्यापाशी: घरात पाण्याची दुसरी सोय नाही, असं पाहणी करून कोणीतरी लिहून द्यायचं होतं.

मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम 1986 चा. कलेक्टरांनी जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर केला की परवानगीशिवाय खासगी बोरिंग करता येत नाही. नियम योग्यच आहे. इंदूरमध्ये जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी आपण उपसतो.

आमची रामबागेतली विहीर 45 फुटांची. शेजारीपाजारी शेकडो फूट बोरिंगं झाली की उथळ विहीर आधी आटणारच. पण पाहणीला कोणी येईना. कचेरीच्या खिडकीतून एकच उत्तर मिळायचं, "बारिश के बाद आ जाना, मॅडमजी." इथेच माझं डोकं फिरलं. पावसाळ्यानंतर विहिरीत पाणी दिसणारच! तेव्हा पाहणी केली तर 'पाणी उपलब्ध' असाच शेरा पडणार, आणि होळीच्या सुमाराला तळ पुन्हा उघडा. ज्या महिन्यांत त्रास आहे त्याच महिन्यांत तो बघायचा नाही, ही कसली पाहणी? नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

शेवटी कामी आली माझी वही. सकाळी पंप लावायच्या आधी दोरीला वजन बांधून मी दर महिन्याला पातळी मोजत असे, तारखेसह. ती वही वरच्या साहेबांपुढे ठेवली, आणि त्याच आठवड्यात माणूस आला. त्या वहीचा मला अभिमान आहे. तुम्हीही आजपासून मोजायला लागा, अर्ज करायचा असो वा नसो.

परवानगी म्हणजे पाणी नव्हे, हेही सांगते. माळव्याचा दगड बेसॉल्ट. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खालच्या घट्ट काळ्या दगडात भेग लागली नाही तर नुसती भुकटी उडते. त्यामुळे किती फुटांवर थांबायचं ते आधीच ठरवा.

जुनी विहीर बुजवू नका. गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा. 100 चौरस मीटर गच्चीवर 900 मिलिमीटर पाऊस म्हणजे 90 हजार लिटर. थोडं वाया गेलं तरी बरंच उरतं. आणि हो, बोरिंगच्या गाडीवाल्याशी दर ठरवताना केसिंगचा, म्हणजे बोरमध्ये माती ढासळू नये म्हणून घालतात त्या पाइपाचा, भाव वेगळा लिहून घ्या.