बर्डीच्या स्टेशनवर

आज नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर बॅग तपासायला ठेवली, तर लेक म्हणाली, "बाबा, आपण काय केलं?" मग तिला २६/११ सांगितलं. २००८ साली १० दहशतवादी समुद्रातून मुंबईत आले, १६६ माणसं गेली. त्यानंतर एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्था, स्थापन झाली. या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला अमेरिकेतून आणायला मात्र २०२५ उजाडलं!

मला जास्त सलतं ते वेगळंच. दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारताने संयुक्त राष्ट्रांत १९९६ मध्येच मांडला. दहशतवादी म्हणायचं कोणाला, यावरच देशांचं जमेना, करार अजून अडकलेलाच. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना विचारा ना व्याख्या!

लेक ऐकत होती. परतताना तपासणी करणाऱ्या ताईंना स्वतःहून "थँक्यू" म्हणाली.