रिकर्व्ह घेऊन झाडावर: मॅनिस्टीच्या जंगलात क्लाइंबरची पारख

क्लाइंबर ट्री स्टँड, म्हणजे शिकाऱ्याला स्वतःसोबत झाडावर चढवत नेता येणारी बैठक, घ्यायला दुकानात गेलात की तिथला माणूस दोनच गोष्टींवर बोलतो: वजन किती आणि बसायला किती ऐसपैस. कंपाउंडवाल्याला, म्हणजे टोकांना चाकं असलेलं आखूड धनुष्य वापरणाऱ्याला, तेवढं पुरतं. हातात रिकर्व्ह किंवा लाँगबो, म्हणजे बिनचाकांचं लांब पारंपरिक धनुष्य, असेल तर मात्र बसल्यावर आपल्या पुढ्यात काय येतं, हे आधी बघायचं. ऑक्टोबर सरता सरता आम्ही तिघं मिशिगनच्या मॅनिस्टी राष्ट्रीय वनात गेलो ते मुख्यतः हेच ताडून बघायला. सोबत दोन प्रकारचे स्टँड होते, एक पुढून बंद आणि एक उघडा. हरीण मिळालं तर मिळालं.

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला आणि ते बरंच झालं. मचाणावर बसायची हौस असेल तर बुद्धपौर्णिमेला ताडोबा किंवा मेळघाटात वन विभागाच्या मचाणावर रात्र काढावी. इकडे अमेरिकेत व्हाइटटेल हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्य सरकारच परवाने विकतं. 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये आधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो करून टाका. एच-वन व्हिसावर इथं नोकरी करणारे पुष्कळ जण 'आपल्याला चालतं का?' असं विचारतात. धनुष्य बंदुकीच्या संघीय कायद्यात येत नाही, त्यामुळे ती भानगड इथं उद्भवत नाही. परवाना मात्र हवाच.

ग्रँड रॅपिड्सहून एम-37 महामार्ग धरला की न्यूवेगो, व्हाइट क्लाउड करत सव्वा-दीड तासात बाल्डविन येतं. गाव छोटं, पण मासेमारीच्या इतिहासात मोठं. 1884 मध्ये अमेरिकेतल्या नदीत पहिल्यांदा ब्राउन ट्राउट सोडला तो इथंच, पेअर मार्केट नदीच्या पाण्यात. पेट्रोल, खाणं सगळं गावातच उरका. पुढं वाळूचे रस्ते लागतात आणि फोनची रेंज येते-जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. ह्युरॉन आणि मॅनिस्टी ही दोन्ही वनं मिळून जवळजवळ 10 लाख एकर भरतात, पण मधे मधे खासगी जमिनीचे तुकडे आहेत. हद्द बघितल्याशिवाय झाड निवडू नका.

क्लाइंबरच का, तर सरकारी जमिनीवर झाडात स्क्रू ठोकून पायऱ्या करायला इथं मनाई आहे. झाडाला लावून ठेवायचा स्टँड असेल तर त्यावर नाव-पत्ता किंवा लायसन्स क्रमांक घालावा लागतो, आणि तो चोरीला जाण्याची धाकधूक वेगळीच. क्लाइंबर पाठीवर आणायचा, पाठीवर न्यायचा. त्याचे दोन भाग असतात, वर बैठक आणि खाली पाय ठेवायचा प्लॅटफॉर्म. दोन्हीला झाडाभोवती फिरणारी केबल किंवा पट्टा. वरच्यावर भार टाकून पायांनी खालचा उचलायचा, मग उभं राहून वरचा सरकवायचा. कोकणात पाडेली पायात दोरीचा फास घालून माडावर सरकत जातो, त्यातलाच प्रकार.

आता मुद्द्याची गोष्ट. पुढून बंद स्टँडला बैठकीसमोर एक आडवी दांडी असते. चढताना तिच्यावरच बसून पाय उचलायचे, म्हणून चढण सोपी आणि भरवशाची. समिटचा व्हायपर या जातीचा, वजन साधारण 20 पौंड, क्षमता 300 पौंड. उघड्या जातीत ती दांडी नसते. समिटचाच ओपन शॉट साधारण 15 पौंडांचा, लोन वुल्फचा हँड क्लाइंबर साधारण साडेसतरा पौंडांचा. यावर चढताना हातांवर भार पेलायला लागतो, पोटाचे आणि दंडाचे स्नायू बोलायला लागतात. पहिल्यांदा चढणाऱ्याला बंद जातच आवडते, त्यात नवल नाही.

पण आता माप घ्या. माझं रिकर्व्ह 60 इंची. दोरी चढवल्यावर मुठीपासून खालचं टोक साधारण 28 इंचांवर येतं. बसलेल्या माणसाचा खांदा बैठकीपासून 23-24 इंच वर. म्हणजे धनुष्य उभं धरून नेम घेतला की खालचं टोक बैठकीच्याही चार-पाच इंच खाली जातं, नेमकं जिथं दांडी, मांडी नाहीतर हाताची टेकणी आहे तिथं. कंपाउंड सगळं मिळूनच 30-33 इंच असतं, त्याला हा प्रश्नच पडत नाही. आणि टोक दांडीला लागलं की नुसता खट्ट आवाज होऊन भागत नाही. सुटताना धनुष्याची पात पुढं झेपावते, त्या वेळी अडली तर बाण भलतीकडे जातो आणि पात तडकूही शकते.

आम्ही हे जमिनीपासून दोन फुटांवर करून बघितलं, हरणाच्या वाटेपासून लांब, गाडीजवळच्या झाडावर. अमरावतीचा मित्र बंद स्टँडमध्ये बसला, बाण न लावता अर्धी दोरी ओढली आणि हळूच परत सोडली. (बाण न लावता दोरी सोडायची नसते, रिकामा झटका धनुष्य मोडतो.) डावीकडे जमलं, समोर जमेना. तो वैतागून म्हणाला, "अबे, हे धनुष्य ठेवू कुठं? दांडी तं बरोब्बर आडवी येऊन राह्यली!" सोबतचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले मिशिगनकर, गालात हसले. फ्रेड बेअर या नामांकित धनुर्धराचा धनुष्यांचा कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला होता, 1978 मध्ये फ्लोरिडाला गेला, त्याच्या आधीपासून हे धनुष्य चालवतात. त्यांनी मित्राला उभं केलं, धनुष्य 40 अंशांत कलतं धरायला लावलं, आणि दांडीचा अडसर निम्मा झाला. निम्माच. गुडघ्याच्या उजवीकडे टोक वळवायला गेलं की ते पुन्हा टेकणीला लागतंच.

उघड्या स्टँडमध्ये तेच टोक दोन्ही गुडघ्यांच्या मधून सहज जातं. उभं राहायचं असेल तर बैठक मागं उचलून झाडाला लावायची, म्हणजे पोटरीमागं काही अडत नाही. माझं मत सरळ आहे: पारंपरिक धनुष्याला उघडाच स्टँड घ्या, आणि चढायला जड जातं म्हणून कुरकुर करण्याऐवजी उन्हाळ्यात घरामागच्या झाडावर सराव करा. ज्यांचा खांदा किंवा गुडघा धड नाही त्यांनी बंद घ्यावा, पण मग धनुष्य 58 इंचांपेक्षा लांब नको आणि नेम कायम कलता. लाँगबो 66-68 इंची असेल तर बंद स्टँडचा विचारही करू नका.

उंचीबद्दल कंपाउंडवाल्यांचं ऐकू नका. ते 25 फुटांवर जातात. आपला बाण 15 यार्डांच्या आतला, आणि खाली वाकून दोरी ओढताना कमरेऐवजी हात वाकला तर सगळा नेमच बिघडतो. हिशेब करून बघा: 15 फुटांवरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून 12 यार्डांवरच्या हरणाकडे बघितलं तर साधारण 26 अंशांचा उतार पडतो. 25 फुटांवरून तोच 37 होतो. तिरकस बाण एकाच फुप्फुसातून जाण्याची भीती वाढते, आणि तसं जखमी जनावर फार लांब जातं. 12 ते 15 फूट पुरे. दिसू नये म्हणून उंची हवी असं वाटत असेल तर मागं फांद्यांची पार्श्वभूमी असलेलं झाड शोधा, ते जास्त कामाचं.

झाड निवडणं हा वेगळाच अभ्यास. 1930 च्या दशकात सीसीसीच्या, म्हणजे बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या, पोरांनी इथं रेड पाइन ओळीनं लावले. ते सरळसोट, खाली फांदी नाही, क्लाइंबरला झकास. फक्त राळ हाताला चिकटते. ॲस्पेनही चांगला. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, तिच्यावर केबल टेकवू नका. बीचची साल गुळगुळीत, दव पडल्यावर घसरते. आणि मेलेल्या ॲशवर चुकूनही नाही. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किडीनं ही झाडं उभ्या उभ्या मारून टाकली आहेत. लांबून ती धडधाकट वाटतात. सालीखाली वळणावळणाच्या नागमोडी रेघा दिसल्या की पुढं चला.

बुंधा वर जाताना बारीक होतो, तसतसा प्लॅटफॉर्म पुढून खाली कलतो. म्हणून खाली बांधतानाच पुढची कड थोडी वर ठेवायची, वर पोचल्यावर तो सपाट होतो. आणि दोन्ही भाग एकमेकांना दोरीनं बांधल्याशिवाय पाय उचलू नका. वरच्या भागावर लटकलेले असताना खालचा सटकून जमिनीवर गेला की तुमच्याकडे काहीच उरत नाही. हार्नेस, म्हणजे पडताना अडवणारा सुरक्षापट्टा, पूर्ण अंगाचा, जमिनीवर असतानाच घालायचा आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत झाडाला जोडलेला. नुसता कमरपट्टा नको. पडल्यावर लटकून राहिलं तर पायात रक्त साचतं, म्हणून पाय टेकवायचा पट्टा खिशात हवा आणि फोन छातीच्या खिशात. बहुतेक हार्नेसची मुदत 5 वर्षांची असते, शिलाईजवळ तारीख छापलेली असते. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. दोरीनं मागून ओढून घ्यायचं, आणि ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणांची धारदार पाती, झाकलेल्या भात्यात असायला हवेत.

संध्याकाळी मी उघड्या स्टँडवर होतो, हरणांची वाट डाव्या हाताला ठेवून. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याला डावीकडे वळणं सोपं, उजवीकडे कंबर अडते. वारा पश्चिमेचा, ओकच्या झाडांकडून माझ्याकडे. सूर्य कलल्यावर गार हवा उताराला लागते, म्हणून मी उताराच्या खालच्या अंगाला बसलो होतो. एक मादी आली, 13 यार्डांवर थांबली, मान खाली घालून ओकची फळं वेचू लागली. मी बसल्या बसल्याच धनुष्य गुडघ्यांमधून फिरवलं, कुठं काही लागलं नाही. पण तिच्या बरगड्यांवर अंगठ्याएवढं जाड झुडूप आडवं होतं. दोरी ओढली नाही. ती सात-आठ मिनिटं होती, मग चालू लागली. मित्राला काहीच दिसलं नाही, आणि शेजाऱ्यांना त्यांच्या बंद स्टँडवरून एक लहान नर दिसला, तो त्यांनी सोडून दिला.

जाणाऱ्यांसाठी किरकोळ पण कामाचं. स्टँडचे मूळचे पट्टे खांद्यात रुततात, जुन्या सॅकचे पट्टे लावून घ्या. धातूला धातू लागतो तिथं कापडी चिकटपट्टी गुंडाळा, पहाटे तो आवाज लांबवर जातो. जाकीट पाठीवर बांधून चालत जा आणि वर पोचल्यावर घाला, घाम आला की तासाभरात हुडहुडी भरते. जाकिटाची बाही फुगीर असेल तर दोरी तिला घासते, मनगटापासून कोपरापर्यंत आर्मगार्ड लावा. ऑक्टोबरच्या शेवटी इथं सूर्य सकाळी आठनंतर उगवतो, शिकारीची वेळ त्याआधी अर्धा तास सुरू होते. अंधारात चढायचं असल्यानं झाड आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवा. 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो, त्यानंतर जंगलात केशरी घातल्याशिवाय पाऊल टाकू नका. हरीण मिळालंच तर 72 तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते.

स्टँड जुना घेणार असाल तर केबलच्या टोकांशी वरचं आवरण फाटून तार दिसते का ते बघा, पिना मूळच्या आहेत का बघा, वेल्डिंगच्या जोडांवर नख फिरवून तडा आहे का तपासा. मॉडेलचं नाव घालून कंपनीनं ते कधी परत मागवलं होतं का, हे विकत घेण्याआधी शोधा. आणि विकणाऱ्याच्या अंगणातच, दोन फुटांवर, स्वतःचं धनुष्य घेऊन बसून बघा. त्याला ते विचित्र वाटलं तरी चालेल.